वाडगा धुऊन प्यालो

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारचे साडेबारा. रक्कम पाचशे वीस रुपये. हजर माणसे: मी, माझी पत्नी, तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझा मेहुणा, दुकान चालवणारा मुलगा आणि त्याचे वडील. जिच्यासाठी हे सगळे चालले होते ती माझी मुलगी हजर नव्हती. ती अंबाजोगाईला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामावर होती.

रक्कम आधी सांगितली, कारण त्यानंतरचे चार दिवस ती माझ्या डोक्यातून गेली नाही. पाचशे वीस ही काही मोठी रक्कम नव्हे. माझ्या दुकानात तेवढ्यात एक बरे पातेलेही येत नाही. पण ती कोणी घेईना.

केजला माझे भांड्यांचे दुकान आहे. आमच्या मागच्या गल्लीत, जुन्या सायकलच्या दुकानाच्या जागी, गेल्या पावसाळ्यात एका मुलाने रामेनचे दुकान टाकले. मुलगा धारूरकडचा. सात वर्षे जपानात एका खानावळीत काम करून परत आला होता. मोठी पातेली घ्यायला तो माझ्याकडेच आला होता. चाळीस लिटरची दोन, जाड बुडाची. त्याने पातेले उलटे करून बुडावर बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि तळ किती जाड आहे ते विचारले. तळाची जाडी विचारणारे गिऱ्हाईक मला वर्षाला एखादेच मिळते. वाडगे मात्र त्याने माझ्याकडचे घेतले नाहीत. “स्टीलचा वाडगा हातात धरता येत न्हाई काका, पोळतो,” म्हणाला आणि चिनी मातीचे पुण्याहून मागवले. मला राग आला नाही. बरोबरच होते त्याचे.

गल्लीतले लोक त्या दुकानाला जपानी शेवया म्हणतात. शेवया आणि कढण, वर भाजी. वाडग्याला एकशे साठ. पहिल्या महिन्यात लोक काचेतून नुसते बघून जायचे. मग कॉलेजची मुले बसायला लागली, मग तहसीलमधले कारकून, आणि थंडीत तर बाकड्यावर जागा मिळेना. मी स्वतः कधी गेलो नव्हतो. आमच्या घरी बाहेर खायची सवय नाही.

सोयरीक मेहुण्याने आणली. मुलगा आमच्यातलाच. आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसे, ते पण तसेच. मुलाला व्यसन नाही, दुकान चालते, घरी सोळा एकर. मेहुणा दोन वर्षे माझ्या मुलीसाठी स्थळे आणत होता आणि ती दोन वर्षे नको म्हणत होती. या वेळी ती नको म्हणाली नाही. तिने एकच अट घातली.

“पप्पा, तुमी घर-दार बघून या. पण मी त्याच्याशी बोलल्याशिवाय हो म्हणायचं न्हाई. मला गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी मी त्याच्याशी अर्धा तास बोलते, मग सांगते.”

मी शब्द दिला. मुलाच्या वडिलांनाही तसे फोनवर कळवले. ते म्हणाले, “बोलू द्या की, त्यात काय.”

आता आमच्याकडची रीत सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. सोयरिकीचे बोलणे चालू असताना मुलीकडची माणसे मुलाच्या घरी गेली तर चहा घेतात, पोहे घेतात, चिवडा-शेव घेतात. जेवत नाहीत. जेवायला बसले म्हणजे पसंती दिली. तोंडाने हो म्हणायची गरज उरत नाही. मग त्यानंतर कोणी मागे फिरले तर ती मोडलेली सोयरीक होते, आणि मोडलेल्या सोयरिकीचा डाग मुलाला फार लागत नाही, मुलीला लागतो. पुढच्या प्रत्येक ठिकाणी विचारतात, आधीची कावून मोडली.

हे मला चांगले माहीत होते. म्हणून मी घरूनच ठरवून निघालो होतो की चहा घ्यायचा, दुकान बघायचे, ते बापलेक राहतात त्या वरच्या खोल्या बघायच्या आणि तासाभरात परत.

दुकान लहान आहे. आत गेले की समोरच एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे आठ स्टुले, आणि फळीच्या पलीकडे मुलगा उभा. खाणारा आणि शिजवणारा समोरासमोर. माझ्याकडची दोन्ही पातेली शेगडीवर होती आणि त्यांच्या वाफेने पुढची काच आतून पांढरी झाली होती. बाहेर ऊन होते, आत मात्र एखाद्या न्हाणीघरासारखी ऊब. आम्ही येणार म्हणून त्यांनी दुपारी इतर गिऱ्हाइके घेतली नव्हती.

मुलाच्या वडिलांनी हात जोडून बसवले. मी चहाची वाट बघत होतो. पाच मिनिटांनी कळले की या दुकानात चहा करतच नाहीत.

“चहाची शेगडीच न्हाई आमच्याकडं,” वडील म्हणाले. “पोरगं म्हणतं, एक काम नीट करावं. आता आलाच हाय तर त्याच्या हातचं बघा.”

मी बायकोकडे पाहिले. तिने मेहुण्याकडे पाहिले. मेहुणा सकाळी वडवणीहून उपाशीपोटी मोटारसायकलवर आला होता.

“दाजी, शेवया हायत त्या,” तो माझ्या कानाशी म्हणाला. “भाकरी न्हाई, भात न्हाई. शेवया म्हणजे नाश्ता.”

“अरे, हळू बोल,” बायको म्हणाली.

मला त्याचे म्हणणे पटले. पटवून घेतले म्हणा. जिथे भाकरी नाही, भात नाही, वरण नाही, तिथे जेवण कसले? उपीट चालते, मग हे का चालू नये. मी मान हलवली.

मुलाने तीन वाडगे गरम पाण्याने धुऊन पुसून ओळीने मांडले. तळाशी एक डाव तांबूस लगदा घातला.

“हे काय?” बायकोने विचारले.

“सोयाबीन, काकू. शिजवून, मीठ लावून आंबवलेलं. आमच्याच रानातलं. सहा महिने बरणीत ठेवलं.”

“सोयाबीन आमी विकून मोकळं होतो,” मेहुणा म्हणाला, “अन् हे पोरगं बरणीत घालून बसलंय.”

त्यावर उकळते कढण ओतले. कढणात काय ते मुलाने न विचारताच सांगितले: कोबी, आले, करपवलेला कांदा, वाळवलेले अळंबे. शेवया दीड-दोन मिनिटे उकळून, झाऱ्याला झटका देऊन वाडग्यात सोडल्या. वर भाजलेला मका, सोयाबीनच्या दुधाचे पनीर, तीळ आणि लसणाचे काळे तेल. तीन वाडगे तयार व्हायला त्याला एका फोनएवढाही वेळ लागला नाही. पहिला वाडगा त्याने माझ्या बायकोपुढे ठेवला. माझ्यापुढे नाही, मेहुण्यापुढे नाही. मी ते लक्षात ठेवले.

बायकोने एक शेवई उचलून दाताखाली धरली. “यात पापडखार हाय,” ती म्हणाली.

मुलगा पहिल्यांदा हसला. “हाय. त्यानंच ती तटतटीत राहते. इथल्या एकालाबी वळखू आलं न्हवतं.”

चव सांगायची तर मला ती आधी कळलीच नाही. खारट, थोडी आंबूस, मागून लसूण. चौथ्या-पाचव्या घासाला कळली आणि मग हात थांबेना. मेहुण्याने खायच्या काड्या बाजूला ठेवून चमचा घेतला. मुलगा म्हणाला की तिकडे आवाज करून ओढतात, लाजायचे नसते. मेहुण्याला तेवढेच हवे होते. तो गावातल्या हौदावर जनावर पाणी पिते तसा आवाज करू लागला.

“हळू की रे जरा.”

“तिकडची रीत हाय, ताई. पाहुण्यांचा मान राखतोय मी.”

शेवया संपल्यावर मेहुण्याने आणखी मागितल्या, मुलाने त्या त्याच्या उरलेल्या कढणात घातल्या. फळ्यावर त्याचे वेगळे चाळीस रुपये लिहिले होते. मी मनात जुळवले: तीन वाडगे चारशे ऐंशी, वरचे चाळीस.

मग मेहुण्याने तो प्रश्न विचारला जो मी घरून घेऊन आलो होतो आणि माझ्या तोंडून निघत नव्हता.

“तिकडं काय उकळायचास बे? कोबीच का?”

मुलाचे वडील खाकरले. मुलगा शेगडी पुसत होता, तो थांबला.

“न्हाई मामा. डुकराच्या हाडांचं कढण. सात वर्षं, रोज.”

“अन् चव?”

“चव बघावीच लागायची. पहिलं वर्षभर चव बघून चूळ भरायचो. नंतर न्हाई भरली.”

माझा हात शर्टाच्या आत गेला, गळ्यातल्या दोऱ्याकडे. वडील घाईने म्हणाले, “आल्यावर स्वामींकडनं सगळं विधिवत करून घेतलंय. हितं तर अंडंबी येत न्हाई आत.”

“झालं मग,” मेहुणा म्हणाला, “घासून-पुसून कल्हई केल्यागत झालं.”

मी वाडग्यात बघत बसलो. खोटे बोलला असता तर मला कळले नसते, हा एक विचार. खरे बोलला म्हणून ते काही कमी होते का, हा दुसरा. दोन्ही विचार आलटून पालटून येत होते आणि त्या नादात मी वाडगा तोंडाला लावून कढण संपवले. मग तांब्यातले पाणी वाडग्यात ओतले, बोटाने कडा खंगाळल्या आणि ते पाणी पिऊन टाकले.

आमच्या घरी ताटात काही उरू द्यायचे नसते. जेवण झाले की ताट धुऊन ते पाणी प्यायचे. अन्न म्हणजे प्रसाद. माझी आई तसे करायची, मी लहानपणापासून तसे करतो. हात आपोआप चालतो. पण ताट धुऊन पितात ते जेवणाचे. पोह्यांची बशी कोणी धुऊन पीत नाही. नाश्ता धुऊन पीत नाहीत.

वाडगा खाली ठेवला तेव्हा मुलाचे वडील माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

“पाहुणे,” ते म्हणाले, “धुऊन प्यालात. बस, आमी भरून पावलो.”

बायकोचा कोपर माझ्या बरगडीत बसला. मी उठलो, खिशात हात घातला आणि म्हणालो, “किती झाले?” त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरून खिशातच दाबून ठेवला. मुलगा माझ्या वाडग्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा आनंदी नव्हता. ते मी तेव्हा पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही.

घरी येताना गल्लीतच बायको सुरू झाली. “कुणी सांगितलं होतं धुऊन प्यायला?”

“सवय हाय.”

“सवय घरी ठेवून यायची.”

“तुझ्या भावानं शेवया मागून घेतल्या, ते?”

“ताई, मी चमच्यानं खाल्लंय,” मेहुणा म्हणाला. “माझं धरू नका.”

दुपारी तीनला पहिला फोन आला. धारूरहून, माझ्या चुलतबहिणीचा. “अप्पा, गोड बातमी दडवता होय?” चार वाजता दोन. माझ्या दुकानासमोरचा चपलावाला शटर अर्धे ओढून मुद्दाम येऊन हात मिळवून गेला. मी प्रत्येकाला सांगत होतो की अजून ठरले नाही, आणि प्रत्येक जण हसून म्हणत होता, असू द्या, असू द्या. त्या संध्याकाळी मी एका बाईला तीन लिटरच्या कुकरला पाच लिटरचे झाकण दिले.

मुलगी साडेसातला एसटीने आली. पिशवी खाली ठेवली नाही, चप्पल काढली नाही.

“बसमधी एका बाईनं माझं अभिनंदन केलं,” ती म्हणाली. “तोंड गोड कर म्हणाली. मी म्हणलं कशाचं.”

मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. ओरडली असती तर मला बरे वाटले असते.

“मला तो पसंत पडंल बी कदाचित,” ती म्हणाली. “पण आता मी हो म्हणलं तर ते माझं हो कसं? तुमी वाडगा धुतला म्हणून हो. अन् न्हाई म्हणलं तर मोडली.”

“गुरुवारी बोल ना तू त्याच्याशी. आपलं तसंच ठरलंय.”

“आधी इचारा, ते अजून तसंच हाय का.”

तिचे बरोबर निघाले. सोमवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी तिकडे गेलो. मुलगा भाजी आणायला गेला होता. वडील गल्ल्याजवळ बसले होते. मी सरळ म्हणालो, “कालचे पाचशे वीस घ्या. आमी नाश्ता केला, त्याचे पैसे.”

“सोयऱ्याकडनं पैसे?” ते म्हणाले. “अप्पा, आमाला गावात राहू द्यायचं का न्हाई?”

“अजून सोयरे न्हाई झालो. गुरुवारी पोरगी बोलणार हाय, मग.”

त्यांनी मान हलवली, माझी समजूत घालावी तशी. “आता कशाला बोलायचं? झालं ठरलं. लग्नाआधी पोरगी हितं दुकानात येऊन बसली तर चार लोकं काय म्हणतील? साखरपुड्याला बघतील की एकमेकाला पोटभर.”

माणूस वाईट नव्हता. उलट इतका खूश होता की त्याला माझे ऐकूच येत नव्हते. मी नोटा गल्ल्यावर ठेवल्या आणि निघालो. ते मागून धावत आले आणि नोटा माझ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. गल्लीतले दोघे-तिघे बघून हसले. दोन व्याही पैशांवरून ओढाताण करताहेत, यापेक्षा सोयरिकीची मोठी जाहिरात कोणती?

दुकानात येऊन मी विचार केला. पैसे कोण घेतो आणि कोण घेत नाही, यावरच सगळे अडले होते. पैसे घेतले तर आम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाईक वाडगा धुऊन प्याले तरी ते गिऱ्हाईकच, त्याला कोणी व्याही म्हणत नाही. नाही घेतले तर आम्ही जेवून उठलेले पाहुणे. मंगळवारी मला एक युक्ती सुचली. त्यांच्या काचेवर मोबाइलने पैसे द्यायचा चौकोनी छाप चिकटवलेला होता. मी दुपारी, वडील आत असताना, रस्त्यावरूनच मोबाइल काचेला लावला आणि पाचशे वीस पाठवून दिले. दुकानात परत येऊन खुर्चीत टेकलो. दोन दिवसांत पहिल्यांदा पाणी गोड लागले.

दहा मिनिटांत मोबाइल वाजला. पैसे परत आले होते. पाचशे एकवीस.

त्या एका रुपयाने माझी झोप घेतली. पाचशे वीस परत आले असते तर ती नुसती परतफेड झाली असती. पाचशे एकवीस म्हणजे शकुन झाला, आहेर झाला. मी गाठ सोडवायला गेलो आणि ती आणखी आवळून आलो. बायकोला दाखवले तर ती हसावे की रडावे अशी बसली. मेहुण्याला फोनवर सांगितले तर म्हणाला, “दाजी, आता एक हजार पाठवा, एक हजार एक येतील. धंदा चांगला हाय.”

मी फोन ठेवला.

बुधवारी जेवताना मुलीने सगळा हिशोब विचारून घेतला. किती वाडगे, मामाच्या जादा शेवया किती, परत किती आले. मला वाटले ती चिडून विचारते आहे.

“उद्या मी जाते,” ती म्हणाली.

“ते नको म्हणालेत.”

“सून म्हणून नको म्हणालेत. मी गिऱ्हाईक म्हणून जाते. एकशे साठ रुपये देणाऱ्याला कोण अडवतंय?”

“लोक काय म्हणतील?” बायको म्हणाली.

“लोक रोज आठ स्टुलांवर बसतात तिथं. त्यांना कोण काय म्हणतंय?”

मी नको म्हणालो नाही. शब्द मी दिला होता आणि मोडलाही मीच होता. अडवायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हते.

गुरुवारी अकरा वाजता ती गेली. मुलाचे वडील त्या दिवशी रानात पाणी द्यायला धारूरकडे गेले होते, ही माहिती तिने आधीच काढून ठेवली होती. मी दुकानात बसलो. बसलो म्हणजे उठलो आणि बसलो. ताटांची चळत एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेली आणि परत आणली. एका माणसाला पन्नास रुपये जास्त सुटे दिले. तो भला होता, त्याने परत दिले. तिने सांगितले होते की जेवून सरळ दुकानात येते. साडेअकरा झाले, बारा झाले. मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. काच वाफेने पांढरी, आतले काही दिसत नव्हते.

ती सव्वाबाराला आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

“जेवले,” ती म्हणाली.

“अन्?”

“सांगते की. आधी पाणी द्या.”

तिने सांगितले ते असे. तिच्याशिवाय दोन गिऱ्हाइके होती, ते दोघे उठेपर्यंत तिने फक्त खाल्ले. मग मुलानेच विचारले, “तुमी रविवारी ठरवून पाठवलं होतं का त्यांना जेवायला?” ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, “मग बरं. मला वाटलं, मला न बघताच ठरवलं. मला ते आवडलं न्हवतं.” तेव्हा मला त्याचा रविवारचा चेहरा आठवला.

तिने त्याला तीन गोष्टी विचारल्या. काम सोडावे लागेल का. तो म्हणाला, “मला दुकानात माणूस लागतं. पण ते मी पगार देऊन ठेवीन. तुमचं काम तुमी बघा.” रविवारी दुकान बंद ठेवतो का. नाही. आणि तिकडचे ते हाडांचे कढण त्याला आठवते का.

“लई आठवतं,” तो म्हणाला होता. “खोटं कशाला बोलू. वास आठवतो. हितं करणार न्हाई, पण आठवतं.”

“मग?” मी विचारले. माझा हात परत गळ्याकडे गेला होता.

“मग काय? मी दिवसभर लोकांचं रक्त हाताळते पप्पा. हात धुते, घरी येते.”

अजूनही त्यावर माझे पूर्ण समाधान झालेले नाही, हे लिहून ठेवतो.

“पैशाचं काय झालं?” मी विचारले.

“माझा वाडगा एकशे साठ, अन् तुमचे पाचशे एकवीस. सातशे दिले.”

“घेतले?”

“आधी थांबला. म्हणला, घेतले तर काय होतं? मी म्हणलं, घेतले तर आमी गिऱ्हाईक. काईच ठरलं न्हाई असं होतं. मला ठरवायला येतं मग.” तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “त्यानं गॅस बारीक केला. हात पुसले. घेतले.”

“अन् वरचे?”

तिने मूठ उघडली. दहाची नोट, पाचाचे एक नाणे, दोन रुपयांची दोन. “एकोणीस. सुटे न्हवते तर शेजारच्या पानवाल्याकडं जाऊन आणले. राहू द्या म्हणला न्हाई.”

संध्याकाळी मुलाचे वडील माझ्या दुकानात आले, रानातल्या चपलेनेच. “पोरानं पैसे घेतले तुमच्या पोरीकडनं!” ते म्हणाले. “अप्पा, मी जन्मात असं केलं न्हाई. आता काय तोंड दाखवू?” मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. चहा चालतो. त्यांनी बशीतला चहा फुंकून संपवला. मग म्हणाले, “म्हणजे न्हाई समजायचं का आमी?”

“न्हाई न्हवं,” मी म्हणालो. “अजून काईच न्हाई. पोरगी सांगंल.”

“कधी?”

“ते मला ठाऊक न्हाई.”

त्या चार शब्दांनी त्यांनाही माझ्यासारखेच केले. पुढचा आठवडाभर आम्ही दोघे गल्लीत समोरासमोर आलो की थांबायचो, काही तरी विचारायचे असल्यासारखे, आणि उन्हाविषयी बोलून निघून जायचो. फोन बंद झाले. मोडली वाटतं, असे चपलावाला कोणाला तरी म्हणाला ते मी ऐकले. मुलीने ऐकले की नाही माहीत नाही. ती रोजच्या एसटीने जात होती, येत होती.

दुसऱ्या गुरुवारी ती परत गेली. आल्यावर मी विचारले, तर म्हणाली, “एकशे साठ. दिले.” एवढेच. बायकोने मला खुणावले, विचारू नका.

तिसऱ्या गुरुवारी ती उशिरा आली, पावणेदोनला. मी एका नवऱ्या मुलीच्या घरच्यांना हंडा-कळशी दाखवत होतो. ती स्टुलावर बसून राहिली. ते लोक गेल्यावर मी सवयीने विचारले, “किती झाले आज?”

“आज दिले न्हाईत,” ती म्हणाली.

मी हातातली कळशी खाली ठेवली. तिच्याकडे पाहिले. ती दुकानातल्या वरच्या फळीवरच्या डब्यांकडे बघत होती, जणू त्यांची किंमत लावते आहे.

“त्यानं मागितले न्हाईत, का तू दिले न्हाईस?”

“त्यानं हात पुढं केला होता. मी म्हणलं, राहू द्या.” मग जरा वेळाने, “वाडगा पण धुऊन प्याले मी. सवय हाय.”

रविवारी मी, बायको आणि मेहुणा परत गेलो, आणि या वेळी मुलगीही होती. शेवया वाढायला अजून वेळ होता. मुलाच्या वडिलांनी मला बघितले आणि त्यांची नजर आधी माझ्या खिशाकडे गेली. मी खिशात हात घातलाच.

शेवटचा हिशोब असा. मुलीने मुलाला रोख दिले ते आठशे एक्केचाळीस, दोन गुरुवारी मिळून. मी दिला तो एक रुपया, नारळावर ठेवून, मुलाच्या वडिलांना. त्यांनी घेतला.